देवमासा, डेडलाइन आणि मी

पहिल्या पगारातून मी तीन गोष्टी घेतल्या. आईला साडी, स्वतःला जीन्स आणि हर्मन मेलव्हिलचं 'मोबी डिक'. साडी चारदा नेसून झाली, जीन्स तर कधीच घट्ट झाली. 'मोबी डिक' मात्र पाच वर्षं शेल्फवर, आल्यागेल्याला दिसेल अशा जागी उभं होतं. "वाचलंस?" असं कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, "वाचतेय." टेक्निकली खोटं नव्हतं. चाळिसाव्या पानावर खूण होती ना!

गेल्या महिन्यात स्वतःचीच लाज वाटली आणि ठरवलं, एक आठवडा, एक पुस्तक. १३५ प्रकरणं, वर उपसंहार. कोथरूडहून हिंजवडीला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये तीन तास जातात. एरवी ते मोबाइलवर अंगठा फिरवण्यातच जायचे.

सोमवार : पहिला धक्का म्हणजे पुस्तक चक्क विनोदी आहे! इश्माएल नावाचा तरुण व्हेलच्या शिकारीला निघतो. वाटेतल्या खाणावळीत जागा नसते, म्हणून त्याला क्वीक्वेग नावाच्या अंगभर गोंदवलेल्या भालेकऱ्याबरोबर एकाच पलंगावर झोपावं लागतं. आधी भीतीने गाळण, मग जिवाभावाची दोस्ती. पीजीमध्ये राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

मंगळवार : जहाज निघालं, पण कप्तान अहॅबचा पत्ता नाही. हा हीरो डेकवर दिसतो थेट अठ्ठाविसाव्या प्रकरणात! पांढऱ्या देवमाशाने त्याचा पाय तोडलाय आणि आता तो हाडाच्या पायावर उभा आहे. मग बत्तिसाव्या प्रकरणात गोष्ट थांबवून लेखक व्हेलच्या जाती सांगत बसतो. बहुतेक लोक इथेच पुस्तक मिटवत असावेत.

घरी आल्यावर आईने विचारलं, "सापडला का गं तो मासा?"

"आई, देवमासा हा मासा नसतो."

पण गंमत बघा, इश्माएल त्याच प्रकरणात ठणकावून सांगतो की व्हेल हा मासाच. आईला सांगितलं, तर ती दिवसभर खूश.

बुधवार : छत्तिसावं प्रकरण. अहॅब डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो. पांढरा देवमासा जो पहिला दाखवेल, त्याला ते मिळणार. सगळे खलाशी जल्लोष करतात. फक्त स्टारबक, म्हणजे कप्तानाच्या खालचा पहिला अधिकारी, विरोध करतो. आपण तेलाच्या धंद्यासाठी आलोय, तुमच्या सूडासाठी नाही, असं तो तोंडावर सांगतो. आणि मग मुकाट्याने कामाला लागतो. सिएटलमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या कॉफी कंपनीने याचंच नाव घेतलं. कॉफी पिताना हा माणूस कधी माझ्या डोक्यात आला नव्हता. आता येतो.

गुरुवार : दोर, भाले, चरबी, तेलाच्या कढया. जाम बोअर! पुस्तक बॅगेत टाकणारच होते. मग 'पुढे काय होणार' हे विचारणंच सोडून दिलं आणि एखाद्या कारखान्यात फिरायला आल्यासारखी वाचायला लागले. जमलं! मेलव्हिल १८४१ मध्ये स्वतः व्हेलच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता, त्यामुळे माहिती हातची आहे. १८५१ मध्ये पुस्तक आधी लंडनमध्ये निघालं, तेही उपसंहाराशिवाय. इश्माएल वाचला कसा, हे त्या उपसंहारातच आहे. मग बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगतोय कोण, असा प्रश्न तिथल्या समीक्षकांना पडला. पुस्तक फार चाललं नाही. १८६६ पासून मेलव्हिलने न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये १९ वर्षं नोकरी केली. म्हणजे आपल्यातलाच निघाला की!

शुक्रवार : आता थोडं ऑफिसचं. मी टेस्टर आहे. शनिवारी रात्री आमचा रिलीज होता आणि पेमेंटच्या स्क्रीनमध्ये एक भयानक बग होता. कधीकधी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. मीटिंगमध्ये मी तो दाखवला. मॅनेजर म्हणाला, "सोमवारी पॅच देऊ. तू उद्या साइन-ऑफचा मेल टाक." मी "बघते" म्हटलं. म्हणजे हो.

रात्री १२३वं प्रकरण आलं. अहॅब झोपलाय. बाहेर स्टारबक, समोर भरलेली बंदूक. कप्तान सगळ्यांना मरणाकडे नेतोय हे त्याला पक्कं माहीत आहे. घरी बायको आहे, मूल आहे. तो बंदूक उचलतो, खूप विचार करतो आणि परत जागेवर ठेवतो. वर अहॅबला उठवायला दुसऱ्यालाच पाठवतो. जहाजावरचा सगळ्यात शहाणा माणूस, सगळं कळणारा, आणि काहीच न करणारा.

आता बंदुकीचा आणि मेलचा काय संबंध? पण मला झोप लागेना. रोज मीटिंगमध्ये 'माझा मुद्दा नोंदवून ठेवा' म्हणून गप्प बसणारी मी, मला अचानक ओळखीची वाटली.

शनिवार : सकाळी मेल लिहिला. साइन-ऑफ देऊ शकत नाही, कारण अमुक, पुरावा सोबत. 'सेंड' दाबताना हात थरथरत होते. फोन आला, आवाज चढला. "तुला टीमचं काही पडलेलं नाही," हेही ऐकलं. संध्याकाळी रिलीज चार दिवस पुढे गेला. टाळ्या-बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ॲप्रेझलमध्ये काय होईल ते होईल.

रविवार : शेवटची तीन प्रकरणं, तीन दिवसांचा पाठलाग. एका बैठकीत संपवली, चहा गार झाला. स्टारबक शेवटच्या दिवशीही अहॅबला परत फिरायला सांगतो. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

"सापडला का गं मासा?" आईने विचारलं.

"सापडला. पण जहाज बुडालं."

"अगं बाई! मग एवढं वाचून काय मिळालं?"

मी पुस्तक शेल्फवर ठेवलं. यावेळी आतल्या बाजूला, दिसणार नाही असं.

"एक मेल," मी म्हटलं.