बॉनेटवरचे हवेचे तोंड : शोभेचे की कामाचे?

मुंबई उपनगरांत मोटारीचे डेंटिंग-पेंटिंग हा आपल्यातील अनेक घरांचा पिढीजात रोजगार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीने या कारागिरांना वर्षानुवर्षे काम दिले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिच्या टॅक्सीचीही मुदत संपली. आज अपघाताची गाडी विम्यावर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि तेथे ठोकून सरळ करण्याऐवजी नवा पत्राच बसवला जातो. मग हातोडी-डॉलीच्या हुनराने जायचे कोठे? जेथे एकच नग हवा असतो तेथे, असे आमचे उत्तर आहे. चित्रपटाच्या गाड्या, शर्यतीच्या गाड्या आणि हौशी लोकांच्या जुन्या गाड्या यांचे काम अजून हातानेच होते. आरे कॉलनीला लागूनच १९७७ पासून गोरेगावची चित्रनगरी उभी आहे, हे आपल्या कारागिरांनी विसरू नये.

अशा गिऱ्हाइकांची एक आवडती मागणी म्हणजे बॉनेटवर हवा घेणारा स्कूप. बाजारात चिकटवायचे प्लास्टिकचे स्कूप मिळतात. त्यांना भोकच नसते. असा स्कूप शोभेचा म्हणून विकला तर हरकत नाही, पण 'गाडी जोरात पळेल' असे सांगून विकणे ही फसवणूक आहे. खरोखर काम करणारा स्कूप कसा करावा, याचा विचार येथे करू.

हिशेब आधी, हातोडी नंतर

वेगाने येणारा वारा इंजिनात हवा कोंबतो, हा सर्वसाधारण समज आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ताशी १०० किलोमीटर वेगालाही वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. आरेमधून गोरेगावहून पवईकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर, ताशी ४० च्या चालीत, तो एक दशांश टक्क्याहूनही कमी असतो. खरा फायदा थंड हवेचा आहे. समजा बॉनेटखालची हवा ६० अंश आणि बाहेरची ३३ अंश आहे. बाहेरची हवा सुमारे ९ टक्के अधिक घन असते, म्हणजे तितका अधिक प्राणवायू इंजिनाला मिळतो.

म्हणून पहिले काम बॉनेट कापण्याचे नव्हे, फिल्टरची नळी पाहण्याचे. पुष्कळ गाड्यांत कंपनीनेच ही नळी पुढच्या जाळीमागे नेलेली असते. तेथून थंड हवा मिळत असेल तर स्कूपने काही हाती लागणार नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. एखादे काम जाईल, पण भरवसा राहील.

तोंड किती मोठे असावे? १२०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला जास्तीत जास्त ३० लिटर हवा ओढते. ताशी ४० च्या वेगाला त्यासाठी २७ चौरस सेंटिमीटरचे तोंड पुरते, म्हणजे १० सें.मी. रुंद आणि ३ सें.मी. उंच धरले तरी पुष्कळ झाले. पसाभर मोठे तोंड केवळ दिखाव्याचे असते.

जागा कोठे?

बॉनेटवर सर्वत्र दाब सारखा नसतो. नाकावर आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. नाकावरून वळून वर येताना मात्र हवा पत्रा चाटत वेगाने जाते आणि दाब पडतो. तेथे सपाट भोक पाडले तर हवा आत येण्याऐवजी बाहेर खेचली जाते. रेडिएटरची गरम हवा काढायची असेल तर हीच जागा उत्तम. हवा घ्यायची असेल तर तोंड पत्र्यालगतच्या मंद थराच्या वर उचलावे, नाहीतर काचेच्या पायथ्याशी मागे तोंड करून ठेवावे. अमेरिकेत शेव्हरले कंपनीने १९७० च्या शेव्हेल गाडीत ही मागची पद्धत वापरली होती.

तपासणीला खर्च नाही. लोकरीचे तुकडे टेपने बॉनेटवर चिकटवा, शेजारच्या गाडीतून दुसऱ्याला चित्रण करू द्या. हवा कोठून कोठे वाहते हे धागेच दाखवतात. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून दाबही मोजता येतो. ताशी ४० ला फरक फार तर ७-८ मिलिमीटर दिसेल, पण दोन जागांची तुलना करायला तेवढा पुरतो.

नमुना पाहायचा असेल तर नाशिकला तयार झालेली जुनी एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ पाहावी. तिचा स्कूप इंजिनावर बसवलेल्या इंटरकूलरला हवा देतो. तोंडाखाली नेमके काम ठरलेले आहे, म्हणून ते तोंड आहे. उलट, मुंबईत १९९३ साली डीसी डिझाइन सुरू करणाऱ्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दाखवलेल्या अवंतीचे इंजिन मागे होते, म्हणून हवेची तोंडे दारांमागे आली. तोंड इंजिनाची गरज पाहून ठरते.

पत्रा आणि पाऊस

मूळ बॉनेट कधीही कापू नये. भंगार बाजारातून दुसरे आणावे आणि मूळ जपून ठेवावे. आधी पुठ्ठ्याचा स्कूप टेपने लावून पाहावा. ड्रायव्हरच्या नजरेआड रस्ता जात असेल तर उंची कमी करावी. बॉनेटच्या आतली फ्रेम, बिजागरी आणि कुलूप यांच्या आसपास कापू नये. धडक बसल्यावर बॉनेट मध्येच दुमडावे अशी ती फ्रेम केलेली असते. फायबरचा स्कूप करताना रेझिन इंजिनाची उष्णता सोसणारे घ्यावे. घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच.

स्कूपपासून फिल्टरपर्यंतची वाट फोम किंवा रबराच्या पट्टीने बंद असावी. नाहीतर बॉनेटखालचीच गरम हवा आत जाते आणि सगळी मेहनत वाया.

आपल्याकडे खरा परीक्षक पाऊस आहे. आरेच्या झाडांखाली उभी राहिलेली गाडी पाणी आणि पाने दोन्ही गोळा करते. म्हणून तोंडाला जाळी, आत पाणी खाली गळून हवा वर वळेल असा कप्पा, तळाला निचऱ्याचे भोक आणि पावसाळ्यासाठी घट्ट झाकण हवे. पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गिऱ्हाईक दारात येते.

कायदा विसरू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बदल लपवला तर विम्याचा दावाही अडतो. म्हणून रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या मालकाला आधी आर.टी.ओ.कडे विचारायला लावावे. चित्रीकरणाची किंवा बंद ट्रॅकवर धावणारी गाडी हे या कामाचे योग्य क्षेत्र. स्पर्धेच्या गाडीसाठी तिच्या गटाचे नियम आधी वाचावेत.

दर सांगताना साचा, माल, मजुरी आणि तपासणी वेगवेगळी लिहून द्यावी. तपासणीचे पैसे मागायला आपला कारागीर लाजतो. वास्तविक पत्रा वाकवणारे पुष्कळ आहेत, मोजून वाकवणारे थोडे. त्या मोजण्याचेच पैसे मिळायला हवेत, आणि हेच आपल्या पोरांना शिकवायला हवे.