मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे

‘मॉर्फिन सुरू केलंय, म्हणजे आता संपलंच.’ कर्करोगाच्या रुग्णांच्या घरांत हा समज इतका घट्ट बसलाय, की गोळी उशाशी असूनही माणसं रात्र-रात्र ठणका सोसतात. मॉर्फिन द्यायचं की नाही हे वेदना किती आहे यावर ठरतं, दिवस किती उरलेत यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशामकांच्या पायऱ्या आखून दिल्या. त्यांत तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन आहे.

व्यसन लागेल ही दुसरी भीती. वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीराला सवय होते, म्हणून औषध एकदम थांबवायचं नाही, एवढंच. खरं नुकसान होतं ते ‘दुखलं की देऊ’ म्हणण्याने. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. गुंगी पहिले काही दिवस येते, मग बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लागतं. हे विचारते, पाहते आणि लिहून ठेवते ती सिस्टर. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, कूस बदलताना वाढतं का, झोप लागली का, श्वास मंद झालाय का, या तिच्या नोंदींवरून डॉक्टर मात्रा बदलतात.

तरीही ‘नर्स काय, इंजेक्शन देते’ असं सर्रास म्हटलं जातं. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्याआधी परिचारिका होत्या. शरीराची कळ, मनाची भीती, घरची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्न ही एकच वेदना आहे, हे त्यांनी मांडलं. ड्रेसिंग करताना पोरीच्या लग्नाची, कर्जाची काळजी सिस्टरच्या कानावर पडते. ती ऐकून घेणं हाही उपचारच. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन अशी शुश्रूषा करत आलं आहे.

अखेरच्या दिवसांत घरच्यांना सगळ्यात जास्त छळतो तो अन्नाचा प्रश्न. ‘उपाशी मरतील’ म्हणून चमच्याने भरवण्याची धडपड होते. पण शरीर मिटत आलं की भूकच उरत नाही, आणि बळेच भरवलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो. सलाईननेही सूज आणि घशातला स्राव वाढू शकतो. ओल्या कापसाने तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलिन लावणं याने जास्त आराम मिळतो. घशातली घरघर ऐकून आपला जीव कासावीस होतो. रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. कुशीवर वळवलं की ती अनेकदा कमी होते.

गिळता येईनासं झालं म्हणून वेदनेचं औषध थांबवू नका. कातडीखाली बारीक सुई ठेवून ते देता येतं. रुग्णाला घरी नेण्याआधी सिस्टरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: गोळ्यांच्या वेळा, मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस, आणि रात्री फोन कुणाला करायचा.