वाकलेली मान आणि पंधरा यार्डांचा दंड

१२ ऑगस्ट १९७८. अमेरिकेतील ओकलंड येथे व्यावसायिक फुटबॉलचा हंगामपूर्व सामना चालू होता. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली चेंडूसाठी झेपावला आणि ओकलंडचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला. स्टिंगलीचे झुकलेले डोके टेटमच्या खांद्याच्या कवचावर आपटले. त्याच्या मानेचे मणके मोडले आणि २००७ साली मृत्यू येईपर्यंत तो चाकांच्या खुर्चीला खिळून राहिला. पंचांनी मात्र दंडाचे निशाण टाकले नाही. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ती धडक वैध होती!

हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. येथे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे असते आणि पळणाऱ्याला अंगाने धडक देऊन पाडायचे असते. समजा, १०० किलोग्रॅमचा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत आहे. त्याचा संवेग ८०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तो ०.२ सेकंदात थांबला, तर सरासरी बल ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोग्रॅमच्या वजनाइतके होते. छाती-खांद्यावर हे बल पसरते. पण धडक डोक्याने दिली तर?

ताठ उभे असताना मानेतील मणक्यांची रांग किंचित बाकदार असते. त्यामुळे धक्का बसला की मान वाकते आणि स्नायू बराचसा भार पेलतात. डोके खाली झुकवले की हा बाक नाहीसा होऊन रांग सरळ होते. आता डोके थांबते, पण मागून धड येतच राहते आणि मान दोहोंमध्ये चेपली जाते. शरबताची नळी टेबलावर उभी धरून बोटाने वरून दाबून पाहा. थोडा वेळ ती भार सोसते, मग एकाएकी मधेच मोडते. मणके असे मोडले की आतील मज्जारज्जूला इजा होते.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण मान वाचवू शकत नाही. कवटीतील द्रवात असलेला मेंदूही आघातानंतर हलतोच. माइक वेबस्टर या माजी खेळाडूच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना २००२ साली वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या. शिवाय टणक हेल्मेटमुळे डोके हेच शस्त्र म्हणून वापरण्याचा धीर येतो.

म्हणून उपाय नियमांत शोधावा लागला. शाळा-कॉलेजांच्या खेळात १९७६ साली डोक्याने धडक देण्यास बंदी झाली आणि मानेच्या दुखापतीने हातपाय लुळे पडण्याचे प्रमाण थोड्याच वर्षांत झपाट्याने घटले. व्यावसायिक खेळात २०१८ पासून डोके झुकवून हेल्मेटने धडक देणाऱ्या कोणत्याही खेळाडूच्या संघाला १५ यार्डांचा दंड होतो; खेळाडूला मैदानाबाहेरही काढता येते. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकण्याच्या या खेळात १५ यार्ड ही मोठी किंमत आहे.

गतीचे नियम पंचांना बदलता येत नाहीत. धडकेच्या क्षणी मान कशी असावी, हे मात्र दंडाच्या धाकाने बदलता येते.