जोडीतले आकडे आणि सुटे आकडे

मुरुडच्या दहा वाड्यांतले सुपारीचे उत्पन्न एका रकान्यात आणि नांदगावच्या दहा वाड्यांतले दुसऱ्यात लिहिले, तर ते दोन स्वतंत्र नमुने झाले. मुरुडच्याच दहा वाड्यांचे, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाआधीच्या आणि नंतरच्या हंगामाचे उत्पन्न लिहिले, तर त्या जोडीतल्या नोंदी. कागदावर दोन्हीकडे वीसच आकडे दिसतात. ते गोळा कसे केले हे ठाऊक असल्याशिवाय भेद ओळखता येत नाही.

ओळखीची खूण अशी: एका रकान्यातल्या आकड्यांचा क्रम बदलला तर काही हरवते का? नांदगावचा रकाना कसाही उलटसुलट केला तरी चालतो. वादळानंतरचा रकाना मात्र हलवता येत नाही, कारण प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्याच्याच वाडीचा आहे. रकाने सारख्या लांबीचे आहेत म्हणून जोडी मानणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

जोडीचा फायदा मोठा असतो. एका वाडीत पोफळी दाट, दुसरीत विरळ. कुठे विहिरीला गोडे पाणी, कुठे मचूळ. वाडी-वाडीतली ही तफावत दोन्ही हंगामांत बरीचशी तशीच राहते, म्हणून प्रत्येक वाडीची वजाबाकी केली की ती निघून जाते. पुढचे सगळे गणित या दहा फरकांवर होते. स्वतंत्र नमुन्यांत ही सोय नाही. तिथे दोन सरासऱ्यांची तुलना करताना ती सगळी तफावत हिशेबात धरावी लागते.

मुरुडच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावरच्या अलिबागला जोडीच्या या फायद्याचे एक सुंदर उदाहरण घडले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसागणिक आणि वर्षागणिक बदलते. कुलाब्याची जुनी वर्षे आणि अलिबागची नवी वर्षे यांची नुसती तुलना केली असती, तर जागेचा फरक कोणता आणि काळाचा कोणता हे उकलले नसते. त्याच वेळच्या दोन नोंदींची वजाबाकी केली की काळाचा फरक गळतो आणि जागेचा उरतो. दशकानुदशके जमवलेली कुलाब्याची नोंदमालिका अलिबागच्या नोंदींशी जोडता आली ती या दूरदृष्टीमुळे.

जोडी विसरल्यास किती नुकसान होते, हे ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्या १९०८ च्या निबंधातल्या आकड्यांवरून दिसते. दहा रुग्णांना दोन झोपेची औषधे आळीपाळीने दिली होती. एकाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास, फरक १.५८ तासांचा. हे वीस वेगळे रुग्ण मानले तर या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने तो किती हलू शकतो याचे माप, सुमारे ०.८५ तास येते. औषधांत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात सुमारे आठ वेळा दिसेल, म्हणून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. रुग्णागणिक वजाबाकी केली की त्रुटी ०.३९ वर उतरते आणि तीच शक्यता हजारात सुमारे तीनवर येते. आकडे तेच, सरासऱ्याही त्याच.

जोडी एकाच वाडीची किंवा एकाच माणसाचीच हवी असे नाही. जुळी भावंडे, किंवा एकाच वाडीचे खत घातलेले आणि न घातलेले दोन भाग, हेही चालतात. मात्र जोडी मोजणीआधी ठरलेली असावी. निकाल पाहून लावलेल्या जोड्यांना अर्थ नाही. ‘आधी-नंतर’च्या जोडीतही दोन हंगामांमधला पावसाचा फरक मिसळलेला असतो, सगळी घट वादळाच्या माथी मारता येत नाही. आणि जोडीतल्या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर जोडी लावून उलट तोटा होतो: तफावतीचा अंदाज बांधायला हाती असलेल्या स्वतंत्र माहितीची मोजणी, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा, दहा-दहांच्या स्वतंत्र नमुन्यांत १८ मिळतात, दहा फरकांत फक्त ९.