सेतूंतील गांठ

मेंदूच्या बुडाशीं ‘सेतु’ नांवाचा एक लहानसा भाग आहे. श्वासोच्छ्वास, गिळणें, डोळ्यांची हालचाल या क्रियांचें नियमन येथून होतें. येथें कर्करोगाची जी एक गांठ होते, तिच्या पेशी निरोगी पेशींत इतक्या मिसळलेल्या असतात कीं, शस्त्रक्रियेनें ती काढतां येत नाहीं. किरणोपचारानें कांहीं महिने उतार पडतो, इतकेंच. रोग बहुधा मुलांना होतो. रोगी थोडे, म्हणून संशोधनास पैसाहि थोडा.

अमेरिकेंतील लॉरेन हिल हिला हा रोग २०१३ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं जडल्याचें कळलें. तरीहि ती सिनसिनाटीच्या माउंट सेंट जोसेफ विद्यापीठांत दाखल झाली. तिला खेळतां यावें म्हणून तेथील बास्केटबॉलचा पहिला सामना दोन आठवडे अलीकडे आणण्यांत आला. २ नोव्हेंबर २०१४ रोजीं सुमारें १०,००० प्रेक्षकांपुढें ती खेळली. लाभलेली प्रसिद्धि तिनें संशोधन-निधीच्या कामीं लावली. १० एप्रिल २०१५ रोजीं ती निवर्तली, तेव्हां निधि दहा लाख डॉलरांवर गेला होता.

या गांठींच्या पेशींतील एक विशिष्ट जनुकीय बदल संशोधकांना २०१२ सालीं आढळला होता. तो बदल असलेल्या, उपचारानंतरहि वाढणाऱ्या गांठींसाठीं अमेरिकेंत पहिलें औषध ऑगस्ट २०२५ मध्यें मान्य झालें. तें रोग समूळ घालवीत नाहीं. पण जेथें वाटच नव्हती, तेथें पाऊलवाट पडली आहे. थोड्या रोग्यांचा कैवार कोणी तरी घ्यावा लागतो. स्वतःस लाभ होणार नाहीं हें जाणून तिनें तो घेतला.