पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावं?

पगाराच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड आहे आणि तो विश्वासातल्या माणसांकडेच आहे, एवढ्यावर अनेक कचेऱ्या निर्धास्त असतात. पण पासवर्डमुळे आत कोण आलं एवढंच कळतं. आत आल्यावर त्याने काय पाहायचं आणि कशाला हात लावायचा, हे त्याचा ग्रुप, म्हणजे त्याला दिलेली भूमिका, ठरवतो. हजेरी भरणाऱ्याला कुणाच्या बँक खात्याचा नंबर दिसण्याचं काही कारण नाही. माणसागणिक परवानग्या वाटण्यापेक्षा कामानुसार भूमिका ठरवायच्या आणि माणसं त्यांत बसवायची, ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ च्या शोधनिबंधात रीतसर मांडली.

‘नुसतं बघायला दिलं तर काय बिघडतं?’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट कंपनीत २०१३ च्या अखेरीस बाहेरच्या लेखापरीक्षकांना पगाराची माहिती द्यायची होती. ते काम एका वरिष्ठ अंतर्गत लेखापरीक्षकाकडे आलं. कंपनीने आधी केलेल्या शिस्तभंगाच्या कारवाईचा राग त्याच्या मनात होता. माहिती त्याने पोहोचवली, पण एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि जानेवारी २०१४ मध्ये जवळपास एक लाख कर्मचाऱ्यांचे पगार, पत्ते, खाते क्रमांक इंटरनेटवर टाकले. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. माहिती त्याला कामासाठीच मिळाली होती. म्हणूनच ‘पाहणे’ आणि ‘एक्स्पोर्ट करणे’ या परवानग्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

दुसरा समज साहेबांबद्दलचा: पद मोठं, म्हणून सगळे अधिकार. महाराष्ट्र शासनाच्या सेवार्थ या पगाराच्या प्रणालीत सहायक माहिती भरतो आणि आहरण व संवितरण अधिकारी ती मंजूर करतो. दोन लॉगिन, दोन माणसं. कामाच्या घाईत साहेबांचा पासवर्ड सहायकाच्या डायरीत लिहिला गेला, की ही रचना कागदावरच उरते. कर्मचाऱ्याचं नाव घालणं आणि पगार मंजूर करणं एकाच हाती आलं, तर अस्तित्वात नसलेल्या माणसाचाही पगार निघू शकतो. नागपूर विभागात २०२५ मध्ये शाळांतल्या पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी बनावट तयार करून वेतन उचलल्याचं प्रकरण उघड झालं, अधिकाऱ्यांना अटक झाली. ओळख क्रमांक तयार करण्याचा अधिकार किती जोखमीचा असतो, हे त्यातून सगळ्या राज्याला दिसलं.

एक माणूस दोन ग्रुपमध्ये असेल तर त्यातल्या कडक ग्रुपचे नियम लागू होतात, असंही धरून चाललं जातं. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं उलट आहे: दोन्ही भूमिकांचे अधिकार बेरजेने मिळतात. त्यामुळे आस्थापनेतून लेखा विभागात बदली झालेल्याचा जुना ग्रुप काढायचा राहिला, तर खातं बदलणं आणि पेमेंट सोडणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे येतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर असंच वागतं असं नाही. आपलं कसं वागतं, ते चाचणीचं लॉगिन काढून पाहावं.

‘आमच्याकडे दोघंच आहेत, ग्रुप कुठले पाडणार?’ लहान दुकानदाराची ही अडचण खरी आहे. तिथे माहिती भरणारा एक ठेवावा आणि पगार सोडण्याआधी मालकाने दोनच याद्या स्वतः पाहाव्यात: या महिन्यात आलेली नवी नावं आणि बदललेली बँक खाती.