तिळगुळाचा पाक आणि हलव्याचे काटे

संक्रांत जवळ आली की घरोघर तिळाचे लाडू वळले जातात. त्याच सुमारास ‘यंदा लाडू अगदी दगड झाले’, ‘पाक हुकला’, ‘तिच्या हाताला गुणच नाही’ अशी वाक्येही कानांवर येतात. तीळ तेच, गूळ त्याच दुकानातला, करणारी व्यक्तीही तीच. मग गेल्या वर्षी खुसखुशीत झालेला लाडू यंदा दातांनी का फुटत नाही? दोष खरोखरच हाताचा असतो का?

हा प्रश्न द्रावण, उत्कलनबिंदू आणि स्फटिक यांचा आहे. हे तिन्ही विषय शाळेत शिकवले जातात, पण स्वयंपाकघरातल्या पातेल्याशी त्यांचा संबंध क्वचितच जोडला जातो. तो जोडून पाहू या.

पाक म्हणजे काय?

साधारण २०° सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. पाणी उकळत असेल तर हेच प्रमाण ४८० ग्रॅमच्या पुढे जाते. पाक करताना आपण हे द्रावण उकळत ठेवतो. वाफ होऊन जाते ती फक्त पाण्याची, साखर मागे राहते. द्रावण जसजसे दाट होते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वाढत जातो. म्हणून पाकाचे तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरले आहे याचे मोजमापच होय.

साखरेच्या पाकाचे आकडे पाहा. साधारण ११२° ते ११६° ला पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. त्या वेळी पाकात १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. १२१° ते १३०° ला गोळी कडक होते, पाणी ८ टक्क्यांच्या जवळ येते. १५०° च्या सुमारास पाणी जेमतेम १ टक्का उरते आणि थेंब काचेसारखा कटकन मोडतो. गुळात साखरेखेरीज इतर पदार्थही असल्याने त्याचे आकडे थोडे निराळे येतील, पण क्रम हाच.

शेवटच्या टप्प्यांवर पाणी फार थोडे असते. त्यामुळे एकदोन मिनिटे जास्त आच लागली तरी पाक पुढच्या टप्प्यात जातो. ‘पाक हुकला’ याचा अर्थ एवढाच.

वाटीतली प्रयोगशाळा

घरात तापमापक नसतो. तिथे वाटीभर गार पाणी असते. पाकाचा थेंब त्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळते का पाहायचे, ती ताटलीवर टाकून आवाज ऐकायचा. टण् असा आवाज आला की पाक कडक लाडवाचा किंवा चिक्कीचा झाला.

ही कसोटी अंदाजपंचे वाटते, पण ती एका बाबतीत तापमापकापेक्षा सरस आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्याने तिथे पाणी ९५° ते ९६° लाच उकळते आणि पाकाचा प्रत्येक टप्पाही चारपाच अंश आधी येतो. मुंबईत उपयोगी पडणारा आकडा तिथे पाळला, तर लाडू जास्त कडक होतील. पाण्यातली गोळी मात्र दोन्हीकडे एकच उत्तर देते, कारण ती तापमान मोजत नाही. पाक गार झाल्यावर किती घट्ट होणार, हेच ती थेट दाखवते.

एका ताटात काच आणि स्फटिक

साखरेचा दाट पाक गार होऊ लागला की त्यात मावेल त्याहून जास्त साखर असते. हे अतिसंपृक्त द्रावण. ढवळले किंवा साखरेचा एखादा कण पडला की रेणू त्याच्याभोवती शिस्तीत रचले जातात आणि पाकाची पुन्हा साखर होते.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. त्यांचे रेणू वेगळ्या आकाराचे. विटांची भिंत रचताना मध्येच गोटे आले तर रचना जशी अडते, तसे इथे होते. त्यातच पाक दाट, चिकट आणि झपाट्याने गार होणारा. रेणू रांगेत येण्याआधीच जागच्या जागी थिजतात. असा घन पदार्थ म्हणजे काच. चिक्की चकाकते आणि कटकन मोडते ती यामुळेच. साखरेच्या पाकात लिंबाचे काही थेंब घालतात, त्याचे एक कारणही हेच आहे. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते.

फ्रुक्टोज हवेतली वाफ सहज शोषून घेते. म्हणून उघडे राहिलेले लाडू चिकट होतात. घट्ट झाकणाचा डबा हवा तो यासाठी.

लाडू लहान का?

चार सेंटिमीटर व्यासाच्या एका लाडवाच्या मिश्रणातून दोन सेंटिमीटर व्यासाचे आठ लाडू होतात. आठही मिळून पृष्ठफळ मात्र मोठ्या लाडवाच्या दुप्पट. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. पृष्ठफळ जास्त म्हणून लहान लाडू लवकर गार होऊन आकार धरतो, आणि कडक असला तरी एका घासात खाता येतो.

वळायला वेळ मात्र थोडा मिळतो. पातेल्यातले मिश्रण घट्ट झाले की वळता येत नाही. म्हणूनच हे काम एकटीने करण्याचे नाही. चारपाच जणांनी हाताला तूप लावून भोवती बसायचे. तूप आणि पाक एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे मिश्रण हाताला चिकटत नाही. पातेले गरम पाण्यावर धरले तर आणखी थोडा वेळ मिळतो.

हलव्याचे काटे

लाडवाशेजारी असतो काटेरी हलवा. लहान मुलांच्या बोरन्हाणाला आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला त्याचे दागिने करतात. इथे काच नको, स्फटिकच हवेत. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर चमचाचमचा पाक घालत बोटांनी फिरवत राहतात. पाण्याची वाफ होते आणि दाण्यावर साखरेचा पातळ थर बसतो. असे थरावर थर चढवायला कित्येक तास लागतात.

पण हलवा गुळगुळीत का होत नाही? दाणा फिरताना त्याचा उंच भाग परातीला आधी टेकतो. तिथे पाक लागतो आणि तो आधी सुकतो. उंचवटा त्यामुळे आणखी उंच होतो, खळगा मागे राहतो. पाक एकदम जास्त घातला तर मात्र तयार काटे विरघळतात. कोरड्या हवेत थर लवकर सुकतो.

जपानमध्ये ‘कोंपेइतो’ नावाची अशीच शिंगे असलेली साखरेची गोळी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे नेलेल्या मिठाईपासून ती आली. तिला शिंगे का फुटतात, हा प्रश्न तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या पदार्थवैज्ञानिकाला महत्त्वाचा वाटला होता.

वर्गात करताना

२५० ग्रॅम भाजलेले तीळ, २५० ग्रॅम चिक्कीचा गूळ, १०० ग्रॅम दाण्याचे कूट, चमचाभर तूप आणि वेलची एवढे साहित्य पुरते. पाक शिक्षकांनीच करावा. उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते. पाक त्याहून तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. भाजलेच तर ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. मिश्रण हाताला सोसेल इतके निवल्यावरच मुलांना वळायला द्यावे.

आणखी एक काळजी. शाळेतले बरेच तापमापक ११०° पर्यंतचेच असतात. १२०° च्या पाकात असा तापमापक फुटतो. पाऱ्याचा तापमापक तर खाण्याच्या पदार्थात कधीच घालू नये. पाण्याची वाटी पुरेशी आहे.

पाक मऊ गोळीचा झाला की थोडा बाजूला काढावा, कडक गोळीचा झाल्यावर उरलेला उतरवावा आणि दोन्हींचे लाडू वेगवेगळे करावेत. त्यांतला एकेक उघडा ठेवून आठवडाभर रोज वजन करावे. घरी विचारून यावे: तुमच्याकडे पाक झाल्याचे कसे ओळखतात? गुळात चिमूटभर सोडा का घालतात? वहीत उत्तरांशेजारी कारणे लिहिता लिहिता ‘हाताचा गुण’ म्हणजे बारकाईचे निरीक्षण आहे हे मुलांच्या ध्यानात येईल, आणि निरीक्षण कोणालाही शिकता येते.